धुराची सरासरी

नेवाळकर सरांच्या नाकात गिरणीचा धूर कधी गेला नव्हता. ते राहायचे शिवाजी पार्कला, समुद्राच्या वाऱ्यावर, आणि तरी धूर हा त्यांचा विषय होता. कुणाचा विषय संत असतो, कुणाचा शिवकाल; सरांचा धूर. त्याच्या जोरावर ते लंडनलाही जाऊन आले होते. आता दादरच्या आपल्या संस्थेत इंधन-धोरणाचा स्वतंत्र विभाग काढायचा त्यांनी घाट घातला होता. विभाग झाला की एक अधिव्याख्याता लागणार, आणि ती जागा गुणवंतीचीच, असं त्यांनी तिला तोंडभरून सांगितलं होतं.

गुणवंतीला ती जागा जिवापाड हवी होती. कोळीवाड्यातून रसायनशास्त्रात एम्.एस्सी. झालेली ती पहिलीच. लग्न होऊन चिंचपोकळीच्या चाळीत आली, मुलगी झाली, तशी माणसं म्हणू लागली, शिकलीस तेवढं पुरे. सरांकडे ती हंगामी साहाय्यक म्हणून लागली ती दुपट्यांपायी. बाळाची दुपटी गॅलरीत वाळत घालावीत, तर संध्याकाळी त्यांवर काजळीचा थर. हे काळं एवढ्याशा छातीत किती जात असेल, या विचारानं तिचा जीव कासावीस व्हायचा.

काम सोपं होतं. एका पुठ्ठ्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटा रंगवलेल्या. हात लांब करून तो पुठ्ठा गिरणीच्या धुराड्यासमोर धरायचा आणि धूर कुठल्या छटेचा ते लिहायचं. कडेवर पोर, हातात पुठ्ठा. शेजारच्या राधाबाई विचारायच्या, "काय गं, धुराड्याला रंग काढायचाय का?"

इकडे सरांनी गिरण्यांना एक पत्रक धाडलं होतं. बॉयलरमध्ये कोळसा थोडा थोडा टाकावा, हवा खेळती ठेवावी, म्हणजे धूर कमी होतो. पत्रक इंग्रजीत होतं. गिरण्यांच्या कचेऱ्यांनी ते फायलीत लावलं. बॉयलरपाशी ते कधी पोचलंच नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडल्याची बातमी रेडिओवर आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. गोळीबार झाला, कर्फ्यू लागला, गिरण्या बंद पडल्या. गुणवंती गॅलरीत पुठ्ठा धरून उभी राहायची. लालबागकडून घोषणा ऐकू यायच्या, मध्येच गोळीचा आवाज, की ती पोरीला पोटाशी घेऊन आत पळायची. धुराडी मात्र कोरडी ठाक. आभाळ इतकं निळं, की पोर त्याच्याकडे बघून मुठी हलवायची; असलं काही तिनं जन्मल्यापासून पाहिलंच नव्हतं. गुणवंतीनं रोज पांढरी छटा लिहिली, आणि पुढे शेरा: गिरणी बंद.

सरांचा निबंध तयार झाला तेव्हा पांढऱ्या छटा जागच्या जागी होत्या, शेरे गायब होते. सगळ्याची मिळून सरासरी काढलेली. निष्कर्ष असा, की संस्थेच्या पत्रकामुळे गिरणगावातला धूर तिसऱ्या हिश्श्यानं घटला.

"सर, ते हरताळाचे दिवस आहेत," ती म्हणाली.

"शेऱ्यांची सरासरी काढता येत नाही, बाई. आणि शास्त्रात राजकारण आणायचं नसतं."

मुंबई पेटलेली असताना सर स्वतः घराला कडी घालून बसले होते, त्यामुळे हरताळ झालाच नाही असं मानणं त्यांना जड गेलं नाही. मग त्यांनी तिला मायेनं समजावलं. हा निष्कर्ष म्हणजे विभाग, विभाग म्हणजे तिची जागा. विभागाची मंजुरी आणि तिची मुलाखत एकाच बैठकीत होती; तिथं विचारलं, तर पत्रकाचं नाव घ्यायचं. बस्स.

गुणवंती तेवढं ठरवूनच गेली. पोर गिरगावात नणंदेकडे, तुळसाकडे ठेवली होती. मुलाखतीला इतका उशीर झाला, की तिला दूध भरून आलं. पदर घट्ट लपेटून ती खुर्चीत टेकली. समोर सर, सचिवालयातले एक साहेब आणि विभागाला देणगी देणारे गिरणीवाले शेठ. साहेबांनी आधी विचारलं, मूल कोण सांभाळणार. नवरा काय करतो, तेही विचारलं. एवढी महत्त्वाची शास्त्रीय माहिती मिळाल्यावर ते धुराकडे वळले.

"तर, धूर घटला तो कशानं?"

सर तिच्याकडे बघून हसले. परीक्षेत आपल्या पोराला उत्तर सुचवावं तसे.

"हरताळानं," गुणवंती म्हणाली. "बंद गिरणीला धूर नसतो, साहेब. हेच धोरण सरकारला सुचवायचं असेल तर जरूर सुचवा. फक्त माणसं किती मेली, तेही निबंधात घाला."

मग शेठ खुशीत पुढे सरकले. म्हणजे पत्रकाचा काडीचा उपयोग झाला नाही तर, ते म्हणाले; मग बॉयलरवर खर्च कशाला, आणि या विभागावर तरी कशाला? साहेबांनी मान डोलावली. विभाग जन्मायच्या आधीच निजधामास गेला.

गुणवंती चपापली. तिचा खरेपणा शेठनी कोटाच्या खिशात टाकला होता. धूर कमी होऊच शकत नाही असं आपण म्हणत नाही, ती सांगू लागली. अजून कुणी नीट करूनच पाहिलेलं नाही. पण साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला दार उघडायला सांगितलं.

बाहेर सरांनी तिला गाठलं. त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या वर्षांत धुरानं त्यांच्या डोळ्यांत पाणी आणलं ते आजच. "तुमची जागा तर गेलीच," ते म्हणाले, "पण माझा विषय बुडवलात तुम्ही."

"विषय कुठे जातोय, सर? चिंचपोकळीला या. वर बघा."

ती गिरगावात पोचली तेव्हा पोर रडून लाल झाली होती. तुळसानं सगळं ऐकून घेतलं. एक दिवस तोंड शिवून बसली असतीस तर काय बिघडलं असतं, ती म्हणाली. निदान या पोरीकडे बघून.

"शिवूनच गेले होते गं," पोरीला पदराखाली घेत गुणवंती म्हणाली. "पण तो मेला हसला माझ्याकडे बघून."

पोर चुरूचुरू प्यायला लागली. गुणवंतीचे डोळे आता कुठे वाहू लागले. तुळसानं बोंबलाचं कालवण आणि भाताचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

"आधी जेव, वयनी. मंग त्या सराला शिव्या दे. तू दमलीस का मी देते."