अकरा कळ्यांचा अर्ज

(मथळ्यातले आकडे हवेचे. जितका मोठा, तितकी घाण.)

२३१

जानेवारीतली संकष्टी. कोलकात्यातल्या गार्डन रीचचं रेल्वे क्वार्टर. वृंदाच्या मोदकाला सातच कळ्या पडल्या आणि आठवीला मोदक तोंड वासून बसला. पावसाळ्यात पंधरा पडत होत्या. आता बोटांची पेरं सुजलेली, मूठ मिटेना.

"हा मोदक की बटाटेवडा?" मनोहर म्हणाले. मग वाईट वाटून त्यांनी तोच आधी खाल्ला.

आजार जुना. शरीर आपल्याच सांध्यांवर चाल करून जातं, तो संधिवात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "हवेनं आजार आणला असं मी म्हणणार नाही. पण हवा बिघडली की काहींचा तो चिडतो, असं अभ्यासात दिसतंय. गोळ्या चुकवू नका. धुरापासून लांब राहा."

हे वाक्य दोघांनी ऐकलं आणि दोघांनी दोन उद्योग केले.

मनोहरांनी पुण्याच्या बदलीचा अर्ज टाइप केला. मार्चअखेर द्यायचा, फक्त वृंदाच्या 'हो'ची वाट.

वृंदानं खिडक्या लावून घेतल्या आणि हवा शुद्ध व्हावी म्हणून देवापुढचा धूप दुप्पट केला.

'हो' मात्र ती म्हणेना. नऊ बदल्यांत पहिल्यांदाच तिला संध्याकाळी नदीकाठी गप्पा मारायला पाच बायका मिळाल्या होत्या. हे गाव सोडायचं म्हणजे पुन्हा एकटीनं नव्या खिडक्यांना पडदे मोजत बसायचं.

किती?

बारावीतल्या लेकीनं, आभानं, हवा मोजायचं तळहाताएवढं यंत्र मागवलं. "आई, आपण आधी मोजू. मग बाबांना पळू देत."

"'पळू देत' नव्हे, बाबांना पळू *दे*."

"तेच ते! चल ना!"

१८८ बस. शेजारचे काका विचारतात, हा रेडिओ का?

२०४ एस्प्लनेड. वृंदा यंत्र उंच धरून रस्त्याच्या कडेला उभी. पोलीस बघतो. वृंदा त्यालाही आकडा दाखवते. तो दचकून रुमाल बांधतो.

९९९ एका आजोबांनी विडीचा झुरका थेट यंत्रावर सोडला. यंत्राचा पडदा जांभळा! आजोबा खूश. "आणखी एकदा?"

१७२ बराकपूरची गाडी. मायलेकी हसून हसून बाकावर आडव्या. समोरच्या बाईनं, काय झालं ते न विचारताच, हसायला सुरुवात केली.

बोटं दुखत होती. तरी वृंदाला वाटत होतं, आपण कुठल्या तरी शर्यतीत पहिल्या येतोय.

४७१

घरी आल्या. दार लावलं, खिडक्या लावलेल्याच. वृंदानं निरांजन लावलं, दोन धूप, चार उदबत्त्या, कापूर. पलंगाखाली मनोहरांनी डासांची कॉइल पेटवली. आरती सुरू झाली आणि दुसऱ्या कडव्याला

पीं पीं पीं

"देवापुढे ही कसली पिपाणी?" मनोहर ओरडले.

"बिघडलं वाटतं," वृंदा म्हणाली.

आभानं यंत्र गॅलरीत नेलं. १९०. आत आणलं. ४७१. बाहेर. १९३. आत.

"आई," ती हळूच म्हणाली, "पूर्ण कोलकाता फिरलो. पहिला नंबर आपला."

मनोहरांच्या हातात घंटा अर्धवट.

मग वृंदाला असं हसू फुटलं की तिला देव्हाऱ्याचा आधार घ्यावा लागला. "अगं बाई! मी औषध म्हणून लावत होते! अहो, आपला बाप्पा खोकत असणार इतके दिवस!"

"आणि ते आजोबा," आभा म्हणाली, "ते तर आपल्यापेक्षा एका झुरक्यानंच पुढे!"

मनोहर कधी नव्हे ते जमिनीवर बसून हसले. मग उठून त्यांनी स्वतः कॉइल नळाखाली धरली.

१४०

धूप बंद, निरांजन चालू. मच्छरदाणी आली, मनोहर तिच्यात रोज नव्यानं अडकतात. खिडक्या दुपारी उघडतात. गोळीला मोबाइलची घंटी.

मार्चात डॉक्टरीणबाईंनी मूठ दाबून पाहिली. सूज निम्म्यावर.

"धूप बंद केल्यामुळेच ना?" वृंदानं विचारलं.

"गोळीमुळे, धूप थांबल्यामुळे, ऋतू बदलल्यामुळे, सगळ्यांना थोडं थोडं श्रेय द्या. एका बाईच्या बोटांवरून शास्त्र लिहिता येत नाही. पण सवय मोडू नका. पुढचा हिवाळा येणारच."

१३६

अर्ज द्यायचा शेवटचा दिवस. मनोहरांनी अर्ज टेबलावर ठेवला. "पुढच्या हिवाळ्याचं काय? बाहेरचे ट्रक काही आपण विझवू शकत नाही."

"नाही. मास्क लावीन. हिवाळ्यात यंत्राचं ऐकीन. त्याउपर त्रास झाला तर मीच तुमच्या आधी बॅग भरीन."

"नक्की?"

तिनं अर्ज उचलला. तळहातावर धरून वाटी केली. अंगठा आत, दोन बोटं बाहेर. कागद उकडीपेक्षा हट्टी.

एक

दोन

तीन

("अगं, हे काय चाललंय?")

चार पाच सहा

सात. इथे जानेवारी थांबला होता.

आठ

("आई, हळू!")

नऊ

दहा, दुखलं

अकरा. तिनं टोक मिटवलं आणि कागदाचा मोदक देवापुढे ठेवला.

मनोहरांनी चष्मा लावून कळ्या दोनदा मोजल्या. "पंधरा नाहीत."

"पावसाळ्यात मोजा," वृंदा म्हणाली आणि चपला शोधू लागली. नदीवर पाच जणी वाट बघत होत्या.