माझे काळुकाका

नवरा कुणी पळवला तर बाई रडून मोकळी होते, पण व्हेंडर पळवला तर तिला जेवण जात नाही. हे मी ऑफिसात गमतीने म्हणायचे. रुचिता यायच्या आधी.

आमची कंपनी मोठ्या इमारतींना दिवे पुरवते. दुकानात मिळतात तसले नाहीत. आर्किटेक्ट कागदावर काहीतरी वळणदार काढतो आणि म्हणतो, मला लॉबीत हे हवंय. ते कोण बनवेल, कशात बनवेल, किती दिवसांत देईल, हे शोधणं माझं काम. चौदा वर्षं मी हेच करतेय. डोंबिवलीहून ठाण्याला येते, वागळे इस्टेटमधले गाळे पालथे घालते, आणि आर्किटेक्टचं स्वप्न अॅल्युमिनियममध्ये बसवून देते. या चौदा वर्षांत मी जे काही नाव कमावलं, त्यातलं निम्मं काळुकाकांच्या हातांचं आहे.

काळुराम भोईर. इथलेच, पिढ्यान् पिढ्यांचे. जमिनी विकल्या गेल्या तेव्हा भाऊबंदांनी गाड्या घेतल्या, यांनी पट्ट्या वाकवायचं मशीन घेतलं. इतर लोक नकाशा बघून आधी ‘नाही होणार’ म्हणतात. काका नकाशा उलटासुलटा करतात, बोटाने वळण गिरवतात आणि म्हणतात, “व्हईल. पन घाई नको करू.” पहिल्या खेपेला त्यांनी मला सॅम्पलसाठी अठरा दिवस झुलवलं होतं. मग हळूहळू मी त्यांची झाले. मला लेकीसारखं ‘बाय’ म्हणायला लागले. त्यांची बायको, सगुणाकाकी, माझ्यासाठी चिंबोऱ्यांच्या, म्हणजे खेकड्यांच्या, रश्शाचा डबा पाठवायला लागल्या. ऑफिसात वास सुटायचा, लोक नाकं मुरडायचे, मी मिटक्या मारत जेवायचे.

आणि एक गोष्ट होती, जी फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती.

एलईडीची पट्टी रिळावर गुंडाळून येते. दोन रिळांवर उजेडाच्या रंगाचा एकच आकडा छापलेला असतो, पण लॉट, म्हणजे एका वेळी निघालेला घाणा, वेगळा असेल तर एकीचा उजेड किंचित गुलाबी पडतो, एकीचा हिरवट. एकेक दिवा लावून बघितलात तर कळणार नाही. शेजारी शेजारी लावले की लगेच डोळ्यांत खुपतं. म्हणून माल निघण्याआधी शटर अर्धं खाली ओढायचं, चुना मारलेल्या भिंतीवर दोन-दोन दिव्यांचा उजेड पाडायचा आणि जुळणारे वेगळे काढायचे. त्यासाठी मीटर मिळतं, पण काकांनी ते कधी घेतलं नाही. त्यांची नजरच तशी होती.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी भिंतीवर दोन दिवे लावले आणि मला विचारलं, “सारका हाय ना गो?”

एक पिवळसर गुलाबी होता, दुसरा चक्क हिरवा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनीच सांगितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर इतकी वाढलेली की ती खाली आल्याशिवाय डॉक्टर हात लावायला तयार नाहीत.

“कोनाला बोलू नको, बाय. लायटी बनवनारा आनि त्यालाच दिसत नाय, मंग काम कोन देल? मंडली हसतील.”

मी कुणाला बोलले नाही. तेव्हापासून माल निघायच्या आधीच्या शनिवारी मी गाळ्यावर जायचे. कामगारांना वाटायचं मॅडम गप्पा मारायला येतात. शटर खाली, चहाचे दोन ग्लास, आणि मी हळूच सांगत जायचे, हा डावीकडे, हा उजवीकडे. त्यांचं मीटर मीच होते. खरं सांगते, ऑपरेशन लांबलं की मला वाईट वाटायचं तितकंच बरंही वाटायचं.

मग आली रुचिता. सव्वीस वर्षांची, कल्याणची, इंटिरियरचा कोर्स केलेली. चुकली की लगेच ‘सॉरी’ म्हणणारी, आणि मनापासून म्हणणारी, त्यामुळे तिच्यावर नीट रागावताही यायचं नाही. आमचे मालक यज्ञेश माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी खडकपाड्याच्या नव्या ऑफिस बिल्डिंगचं काम तिला दिलं. तिच्या घरापासून जवळ, म्हणे. लॉबीच्या छताला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखी सलग रेघ, अठ्ठेचाळीस वळणदार दिव्यांची. असलं काम माझंच असतं. होतं.

“मनाली मॅडम, तुमची व्हेंडर लिस्ट तिला शेअर करा ना,” यज्ञेश म्हणाले.

मी दिली. बावीस नावं दिली. काळुकाकांचं नाव दिलं नाही. तिसऱ्या दिवशी रुचिता नाचत आली. “मनालीताई, पावडर कोटिंगवाल्याने एका काकांचं नाव सांगितलं. कसले भारी आहेत! तुमचं नाव काढलं तर चहाच पाजला.”

म्हणजे माझ्याच नावावर ती आत शिरली होती.

सॅम्पल तिला चार दिवसांत मिळालं. मला अठरा, तिला चार. ऑफिसच्या ग्रुपवर तिने फोटो टाकला: काका आणि ती, मध्ये वळवलेली पट्टी, दोघंही हसतायत. मी तो फोटो मोठा करून बघितला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा केला. चौदा वर्षांत त्यांच्यासोबत माझा एक फोटो नाही. मला सुचलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात मी गाळ्यावर गेले तेव्हा काका फोनवर बोलत होते, “हाव बाय, करतंय बाय.” मला वाटलं, सगुणाकाकींच्या माहेरचं कुणी असेल. रुचिता होती.

त्याहून कहर डब्याचा. रुचिता मासे खात नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, एवढं तरी माझं राहिलं. पण सगुणाकाकींनी तिच्यासाठी वालाचं बिरडं केलं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, एकेक सोलायचा. चिंबोऱ्या त्यांच्या घरात होतातच, त्यातला रस्सा माझ्या डब्यात येतो. बिरडं मात्र मुद्दाम तिच्यासाठी झालं. रुचिताने मला अर्धं देऊ केलं. मी म्हटलं, मला वालाने गॅस होतो. माझ्या पोटात दुखत होतं ते वालाने नव्हे, हे ऑफिसातल्या शिपायालाही कळलं असेल.

रिळं आली तेव्हा चलान माझ्या टेबलावरून गेलं. दोन वेगवेगळे लॉट. मी बघितलं, सही केली, रुचिताकडे सरकवलं.

आणि बरोबर त्याच दुपारी रुचिता माझ्याकडे आली. “ताई, काकांकडचा माल निघायच्या आधी मी काही चेक करायला हवं का? एकेक दिवा लावून बघणारच आहे. अजून काही?”

अजून एकच होतं. एका वाक्याचं काम. काकांचं गुपितही सांगावं लागलं नसतं. दोन-दोन दिवे शेजारी लावून बघ, बास. मी तिच्या हातातल्या वहीकडे बघितलं. ती पेन उघडून उभी होती.

“काका सगळं बघतात,” मी म्हटलं. “तू डोळे झाकून विश्वास ठेव.”

तिने तेही लिहून घेतलं.

शुक्रवारी काकांचा फोन आला. “बाय, रविवारी टेम्पो निंगतंय. उद्या येशील ना?”

“रुचिताचं काम आहे ना काका? तिलाच बसवा समोर.”

“तिला कसा सांगू गो? तुला म्हाईत हाय. तिला नाय.”

क्षणभर मी इतकी सुखावले की जाऊन यावं असंच वाटलं. मग तो फोटो आठवला. “काका, घरी पाहुणे आलेत,” मी म्हटलं. “नाही जमणार.”

“बरा. पावन्यांना बघ. मी करतंय कसा तरी.”

शनिवारी मी दिवसभर कपाट आवरत बसले. वाटत होतं, फार तर काय होईल? रुचिताची फजिती होईल, यज्ञेशना कळेल की काकांकडून काम करून घेणं सोपं नसतं, त्याला मनालीच लागते. दिवे परत येतील, मी जुळवून देईन. मी इतका हिशोबी विचार केला होता की त्यात काका कुठेच नव्हते.

मंगळवारी दुपारी खडकपाड्याला लॉबीत दिवे पहिल्यांदा लागणार होते. वीज त्या दिवशीच मिळाली होती. क्लायंट येणार, आर्किटेक्ट येणार, म्हणून यज्ञेश मलाही घेऊन गेले. मी आनंदाने गेले. काचांना अजून कागद चिकटवलेले होते, आत अंधुक होतं. आणि रिसेप्शनच्या ओट्याजवळ काळुकाका उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल.

“मी बोलावलं त्यांना,” रुचिता म्हणाली. “गाडी पाठवली होती. म्हणाले, इतकी वर्षं बनवतोय, पण लावलेलं एकही काम बघितलं नाही. कसं ना ताई?”

मी त्यांना कधी साइटवर नेलं नव्हतं. व्हेंडरला कोणी नेत नाही.

इलेक्ट्रिशियनचा हात स्विचवर होता. तेव्हाही मी बोलू शकले असते. थांबा, एकदा तपासू, म्हणाले असते तर कुणी नाही म्हटलं नसतं. मी पर्सचा पट्टा घट्ट धरून उभी राहिले.

दिवे लागले.

छताला लाट आली, आणि ती ठिगळांची होती. दोन गुलाबी, एक हिरवा, तीन गुलाबी, चार हिरवे.  क्लायंट मान वर करून बघत होते, आर्किटेक्टने कपाळाला हात लावला. काका मात्र वर बघून हसत होते. तोंडभर. धाकट्या मुलीचं लग्न नीट पार पडल्यावर बाप हसतो तसे.

“मस्त दिसतंय,” ते म्हणाले. “एक लंबर.”

क्लायंटनी त्यांच्याकडे वळून बघितलं. “मस्त? आंधळे आहात का हो?”

काकांचं हसू लगेच गेलं नाही, त्याला जायला वेळ लागला. त्यांनी इतक्या माणसांतून मला शोधलं आणि सवयीने, गाळ्यात विचारतात तसंच विचारलं, “सारका हाय ना गो?”

मी फरशीकडे बघितलं.

रुचिताने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिला सगळं कळायला तेवढंच पुरलं. ती पुढे झाली. “सर, चूक माझी आहे. दोन लॉट वेगळे ठेवायचे होते. मी काकांना मिक्स करायला सांगितलं. त्यांनी फक्त माझं ऐकलं.”

यज्ञेशनी तिला सगळ्यांसमोर झापलं. सगळे दिवे उतरवायचे, जुळवायचे, आठ दिवसांत परत लावायचे असं ठरलं. ती ‘हो सर, सॉरी सर’ म्हणत राहिली. मी जे बघायला गेले होते ते मला मिळालं होतं, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

यज्ञेश क्लायंटबरोबर थांबले. परत ठाण्याला गाडीने आम्ही तिघं निघालो. रुचिता पुढे, मी आणि काका मागे. दुर्गाडीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. 

मग काका पुढे झुकून रुचिताला म्हणाले, “बाय, तू उगाच बोलनी खाल्लीस. माजे डोले गेलेत. ही मना सगला जुलवून देते, दोन वरसं झाली. शनवारी ही आयली असती तर असा झालाच नसता. पन घरा पावने, काय करल ती?” माझ्याकडे वळून म्हणाले, “हिच्याबिगर माजा काम व्हयत नाय.”

हेच वाक्य मला हवं होतं. इतके दिवस मी त्याच्यासाठी जळत होते, आणि ते रुचिताच्या समोर, तिला उद्देशून आलं.  तिची ती वही मांडीवर होती. तिने एक वाक्य उच्चारलं असतं तर माझं तोंड काळं झालं असतं. ती बोलली नाही. माझ्यासाठी नव्हे, काकांना आणखी एक धक्का नको म्हणून, हेही मला कळत होतं. तिचा चांगुलपणासुद्धा मला त्या क्षणी माझ्याकडून हिसकावून घेतल्यासारखा वाटला.

“काका,” मी म्हटलं, “पाहुणे कोणी नव्हते. लॉट वेगळे आहेत हे मला माहीत होतं. हिने मला विचारलंही होतं. मी सांगितलं नाही.”

ते समोर बघत राहिले. गाडी दोनदा पुढे सरकली, दोनदा थांबली. मला वाटलं, आता विचारतील, का. मी उत्तरं शोधत होते, आणि फोटो, डबा, ‘बाय’ हे शब्द माझ्या वयाच्या बाईने कसे उच्चारायचे ते सुचत नव्हतं.

“कसा दिसत व्हता?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“वर. लायटी. तुमी सगल्यांनी काय बगितलात, तो सांग मना.”

रुचिताने ते बघितलं होतं, ती हातभर अंतरावर होती, तरी त्यांनी मलाच विचारलं. इतकं सगळं होऊनही मला त्याचं बरं वाटलं. एवढी मी नीच आहे.

“ठिगळं दिसत होती काका,” मी म्हटलं. “मध्ये मध्ये हिरवट. लाट तुटल्यासारखी. दारातून आलेल्या माणसाला पहिलं तेच दिसलं असतं.”

“सगल्यांना दिसला?”

“सगळ्यांना.”

त्यांनी मान हलवली. शर्टाची बाही, जिची इस्त्री अजून मोडली नव्हती, ती बोटांनी सारखी केली.

“आनि मी खाली हसत हुबा व्हतो,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.