सरावाच्या बाई

"टेकडीवरच्या त्या चौकीनं माघारी यायची परवानगी मागितली होती का, जनरल? हो की नाही, एवढंच सांगा."

बाईंनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला, पेन्सिल टेबलावर उभी धरली आणि मान जराशी तिरकी केली. ही सगळी वकीलबाईंची लकब. खऱ्या वकीलबाई तिकडे संसदेत, संरक्षण समितीवर. उद्या सकाळी त्या अशाच बसणार, अशीच पेन्सिल धरणार आणि समोरच्याला उभा-आडवा सोलणार. म्हणून आज लष्करी मुख्यालयाच्या बंद खोलीत बाई त्यांच्या वतीनं सोलायला बसल्या होत्या.

कायदाच तसा होता. सरकारनं लष्करप्रमुख म्हणून कुणाचंही नाव पुढं केलं, तरी आधी संसदेच्या समितीसमोर त्याची सुनावणी व्हायची, आणि समितीनं हात वर केल्याशिवाय खांद्यावर शेवटचा तारा चढायचा नाही. गोळीला न घाबरलेली माणसं तिथं ततपप करायची. त्यामुळे सुनावणीच्या आधी सराव. तशीच टेबलं, तसेच माईक, वेळ संपल्याची तशीच घंटा. कर्नलसाहेब अध्यक्ष व्हायचे, कचेरीतली मंडळी सदस्य व्हायची आणि सगळ्यांत खट सदस्याची खुर्ची बाईंकडे. कचेरीत त्यांना 'सरावाच्या बाई' म्हणत, आणि पाठीमागे 'बिनमताच्या खासदार'. बाईंना दोन्ही नावं ठाऊक होती. "मत नसेना का," त्या म्हणायच्या, "घाम तर मीच काढते."

जनरलसाहेबांनी उचललेला पाण्याचा ग्लास न पिताच खाली ठेवला.

"मागितली होती," ते म्हणाले. "वायरलेसवर. मी दिली नाही."

समोरच्यांनी काही विचारलं नसतानाही साहेब पुढं बोलत राहिले, जणू बरेच दिवस कोंबून ठेवलेल्या पेटीचं झाकण उडालं होतं.

"पुन्हा पुन्हा मागत होता तो पोरगा. आवाज अगदी कोवळा. शेवटी शेवटी परवानगीसुद्धा मागेना, नुसतंच विचारायचा, 'कुणी ऐकतंय का?' मी ऐकत होतो. तेव्हा मेजर होतो मी, माझ्या हातातच होतं सगळं. ओ दिली असती तर माघार द्यावी लागली असती, आणि ती टेकडी गेली असती. म्हणून गप्प बसलो. टेकडी राहिली."

बाईंची पेन्सिल तशीच उभी राहिली. चौकीत वायरलेस एकाकडेच होता, आणि तो बाईंचा धाकटा भाऊ होता.

हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते केव्हाच निवृत्त झाले होते. भाऊ गेल्यावर अनुकंपेवर बाईंना या कचेरीत चिकटवलं, तेव्हा केसांत एकही पांढरा नव्हता. आता काळा शोधावा लागत होता. तेव्हा घरी आलेल्या अधिकाऱ्यानं सांगितलं होतं, संपर्क तुटला होता, काही कळायच्या आत सगळं संपलं. बाईंनी ते मानलं. घरात पगार हवा होता आणि आईला सांभाळायचं होतं. मानलं नाही ते आईनं. "तो हाक मारल्याशिवाय राहणारा नव्हे," ती म्हणायची. तेव्हापासून घरात एक नियम झाला, फोन पहिल्या घंटेला उचलायचा. हातात पीठ असो, डोक्यावर साबण असो. कुणी हाक मारतंय आणि आपण ओ दिली नाही, असं पुन्हा व्हायला नको.

जनरलसाहेबांची सगळी नोकरी बाईंनी तयारीसाठी वाचली, त्यात ती टेकडी आली. प्रश्नांच्या यादीत हा प्रश्न नव्हता. पण वकीलबाई तो विचारतील हे त्यांना दिसत होतं, असं त्या स्वतःला सांगत होत्या. खरं तर तो प्रश्न बाईंचा स्वतःचाच होता. आणि साहेब त्याचं खरं उत्तर देतील, असं काही त्यांच्या मनात नव्हतं.

"साहेब," कर्नल घसा साफ करत म्हणाले, "हे असं उद्या बोललात तर आपण सगळे घरी. बाई, जरा उत्तर बसवून द्या."

आणि बाईंनी बसवलं. पुढं कितीतरी वेळा त्यांनी स्वतःला विचारलं, की त्या क्षणी उठून का नाही गेले मी? काहीच विचार केला नव्हता, हेच खरं. वळणाचं पाणी वळणावर गेलं. इतकी वर्षं मोठमोठ्या माणसांच्या तोंडातली काटेरी वाक्यं त्या गुळगुळीत करून देत आल्या होत्या. जिभेनं आपलं काम केलं.

"'मागितली होती' हे शब्द नकोत, साहेब. असं म्हणा. त्या रात्री हवामान फार खराब होतं. संपर्काची साधनं आजच्यासारखी नव्हती. जी माहिती माझ्यापर्यंत पोचली, तिच्या आधारे मी निर्णय घेतला, आणि त्या जवानांना मी आजही विसरलेलो नाही. 'आजही'च्या आधी थांबा जरा. मग हवामानावर, साधनांवर सावकाश बोला. सदस्याला प्रश्नोत्तराला मिळून ठरावीक मिनिटं असतात. तुम्ही बोलता ती त्यांच्यातूनच जातात. घंटा झाली की वकीलबाईंना पुढचा प्रश्न नाही."

"हे खोटं आहे," साहेब म्हणाले.

"यातला एकही शब्द खोटा नाही, साहेब. तुम्हीच तपासून बघा."

साहेबांनी मनातल्या मनात शब्द फिरवले आणि मान खाली घातली. तपासायला काही शिल्लक नव्हतंच. तीच तर बाईंची कारागिरी. मग त्यांनी ते वाक्य साहेबांकडून घोकून घेतलं, ते त्यांच्या स्वतःच्या तोंडचं वाटेपर्यंत. 'आजही'च्या आधीचं थांबणं साहेबांना पहिल्याच खेपेला जमलं होतं, ते शिकवावं लागलं नाही.

घरी आई वाट बघत होती. ऐंशी उलटलेली, गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला, पण कान शाबूत. फोन तिच्या उशाशी.

"उद्या तो जनरल टीव्हीवर येणार ना गं?"

"हो."

"त्याला टेकडीचं विचारतील?"

"विचारतील बहुतेक."

"काय सांगेल?"

बाईंनी पदर खोचला आणि ओट्याकडे वळल्या. "मला काय ठाऊक, आई. त्याच्या मनात काय आहे ते."

सकाळी समितीच्या दालनात बाई मागच्या रांगेत, कर्नलांच्या शेजारी बसल्या. माणसं अजून यायची होती. माईकवाला एकेका खुर्चीपाशी वाकून बघत होता. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" कुणी उत्तर दिलं नाही. तो पुढच्या माईककडे सरकला. "ऐकू येतंय का?" मग त्याच्या पुढच्या. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शेवटी त्यांना राहवेना.

"येतंय रे बाबा, येतंय," त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की कर्नलनी चमकून पाहिलं.

वकीलबाईंनी प्रश्न विचारला. चष्मा शेंड्यावर, पेन्सिल उभी. शब्द जवळजवळ तेच, फक्त आवाज बाईंच्याहून मऊ. जनरलसाहेब क्षणभर मागे वळले. त्यांची नजर बाईंना शोधत होती. शाळेतलं पोर फळ्यासमोर उभं राहून बाईंकडे बघतं तशी. एका मानेच्या हालचालीवर होतं सगळं. बाई नुसती मान हलवून 'नको' म्हणाल्या असत्या, तरी तो माणूस खरं बोलला असता, याची त्यांना आजही खात्री आहे. पण त्यांची मान हलली नाही.

"त्या रात्री हवामान फार खराब होतं," साहेब म्हणाले.

आणि बोलतच राहिले. हवामान, साधनं, जी माहिती पोचली ती. 'आजही'च्या आधी थांबले. दालनात कुणीतरी रुमाल काढला. वकीलबाईंची पेन्सिल हळूहळू आडवी झाली. मग त्यांना काहीतरी खटकलं असावं, कारण त्या पुढं झुकल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे यंत्र त्या रात्री—"

घंटा वाजली. अध्यक्षांनी पुढच्या सदस्याचं नाव घेतलं. बाईंना वकीलबाईंचा तो अर्धा प्रश्न पुरा पाठ होता, यंत्र त्या रात्री चालू होतं की बंद. त्यांनीसुद्धा तोच विचारला असता. म्हणून तर घंटेची सोय केली होती.

मतदान परवा होतं, पण दालनाबाहेर अभिनंदन आजच चाललं होतं. कर्नलनी बाईंचे हात हातात घेतले. साहेब गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी आले.

"तुमचंच वाक्य, बाई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा अभिनंदन झालेल्या माणसाचा नव्हता.

"साहेब, वायरलेसवरचा तो मुलगा." बाईंचा आवाज एवढा साधा निघाला की त्यांनाच नवल वाटलं. "माझा धाकटा भाऊ होता तो."

तेवढ्यात फोटोवाल्यांनी हाक मारली, कुणीतरी त्यांना दंडाला धरून नेलं. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिलं.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा आई उशाला टेकून बसली होती. टीव्ही बंद. चेहरा अगदी निवांत.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "चांगला माणूस वाटला गं. किती नीट सांगितलं त्यानं. तेव्हा साधनंच नव्हती म्हणे."

बाई पायाशी बसल्या.

"म्हणजे त्यानं हाक मारलीच नसेल. मारून पोचणारच नव्हती ना. मला आपलं सारखं वाटायचं, पोर हाका मारतंय, मारतंय आणि कुणी ओ देत नाहीय. रात्ररात्र ऐकू यायचं. तुला कधी बोलले नाही मी. तू आपली दिवसभर राबून आलेली." तिनं बाईंचा हात चाचपून धरला. "तसं नव्हतं ना गं? तू तिथंच काम करतेस. तसं नव्हतं ना?"

आपलंच वाक्य आईच्या पोटात जाऊन तिला असं गोड लागलेलं बाई बघत होत्या. हे माझं आहे, हे मी बसवून दिलंय, असं ओरडून सांगावंसं वाटलं. लाज वाटली, आणि त्या लाजेच्या आतून, आईला एवढं शांत कधी पाहिलं नव्हतं याचा आनंदही झाला, आणि मग त्या आनंदाची आणखी लाज वाटली.

"नव्हतं, आई," त्या म्हणाल्या.

"मग तो फोन ने बाहेर. डोक्याशी नको आता. झोपते जरा."

आई खरंच झोपली. दिवेलागणीची वेळ, एरवी ती या वेळी रस्त्यावरच्या पावलांचा हिशेब ठेवत जागी असायची. बाईंनी फोनची वायर ओढत तो बाहेरच्या खोलीत आणला, जमिनीवर ठेवला आणि शेजारी भिंतीला टेकून बसल्या. स्वयंपाकाला हात लागेना. खोलीत अंधारून आलं, तरी दिवा लावायचं सुचेना. कानात एकच, 'कुणी ऐकतंय का?' आजवर ते आईला ऐकू यायचं. आता पत्ता बदलला होता.

फोन वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बाईंनी उचलला.

पलीकडे नुसता श्वास. मग, "बाई, मी बोलतोय."

आवाज त्यांनी ओळखला.

"मला विचारायचं होतं... तुम्हालाच माहीत असणार. समितीपुढं एकदा दिलेली साक्ष दुरुस्त करता येते का?"

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती, एक हात उशाशी, जिथं इतकी वर्षं फोन असायचा तिथं मोकळाच पडलेला. ही दुरुस्ती झाली, तर उद्या टीव्हीवर येणार, शेजारपाजारी बोलणार. आईचे कान शाबूत होते. नाही येत दुरुस्त करता, एवढे शब्द बोलले की काम भागत होतं. पलीकडचा माणूस लष्करप्रमुख झाला असता, इकडची म्हातारी उरलेल्या रात्री झोपली असती, आणि कुणाला काही कळलं नसतं.

"बाई?" पलीकडून आवाज आला. "ऐकताय ना?"

बाईंनी डोळे मिटले.

"ऐकतेय, साहेब," त्या म्हणाल्या. "येते. परवा मतदान होईपर्यंत दुरुस्ती करता येते. लेखी द्यावी लागते."

"तुम्ही लिहून घ्याल?"

बाई उठल्या. आतल्या खोलीचं दार त्यांनी सावकाश, कडी वाजू न देता लोटून घेतलं. दिवा लावला. पेन्सिल आणि कागद घेऊन पुन्हा फोनपाशी, जमिनीवर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "तो काय काय म्हणाला, ते पहिल्यापासून सांगा."