यंदाची स्लावा वरच्या घरी

वुकोसावनं कपाटातून नकाशा काढला की मी समजते, वसंत आला.

हा माझा नवरा. आमचं शहर निक्शिच ते झाब्ल्याक अशी बस त्यानं उभं आयुष्य चालवली. त्या रस्त्याची वळणं त्याला स्वतःच्या दातांपेक्षा जास्त ओळखीची, आणि दात आता उरलेत तरी किती! तरी दर एप्रिलमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचा, चष्मा पुसायचा आणि ब्रेस्तित्साला कसं जायचं याचा बेत करत बसायचं. ब्रेस्तित्सा म्हणजे डोंगरातलं त्याचं गाव. तिथल्या वडिलोपार्जित घरात त्याचा धाकटा भाऊ मियात एकटा राहतो.

बेत दर वर्षी झाला, जाणं एकदाही झालं नाही. एका वर्षी क्र्नोवोच्या पठारावर बर्फ होता. एका वर्षी गाडीचे टायर गुळगुळीत झाले होते. मग गुडघा आला. गुडघा हे फार सोयीचं निमित्त, ते कोणाला पडताळून पाहता येत नाही. मे संपला की नकाशाची घडी होऊन तो परत कपाटात. असे नऊ वसंत गेले.

भांडण म्हणावं, तर भांडण झालंच नाही. आमच्या घराण्याचा संत ज्योर्जे. मे महिन्याच्या सहा तारखेला त्याची स्लावा, म्हणजे त्याच्या नावानं मेणबत्ती लावून करायचा घराण्याचा सण. लाकडी फळीवर रंगवलेली त्याची जुनी तसबीर वरच्या घरात, म्हणजे ब्रेस्तित्साला, पूर्वेच्या कोपऱ्यात टांगलेली असायची. सासरे वारले, चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, आणि वुकोसावनं खुर्चीवर चढून ती तसबीर खिळ्यावरून काढली. म्हणाला, "देव थोरल्याकडे असतो." मियात तिथेच उभा होता. घर सोडून न गेलेला तो, मेंढरं राखणारा तो, आजारी बापाची अंथरुणं बदलणाराही तोच. तो म्हणाला, "ने." आणि मेंढरांकडे निघून गेला.

बस, तेवढा एक शब्द. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

भाऊ वेगळे राहत असले की ज्यानं त्यानं आपापल्या घरी त्याच दिवशी स्लावा करायची, अशी रीत. तसबीर निक्शिचला आली तशी माणसंही इकडेच वळली. पूर्वी सगळं गणगोत डोंगर चढून जायचं. आता त्यांना आमचा दुसरा मजला जवळचा वाटायला लागला. वर मियातकडे कोण जातं, हे कोणी विचारत नव्हतं. मीही नाही.

यंदा बाजारात स्तामेना भेटली. ती ब्रेस्तित्साहून चीज घेऊन येते आणि चीजबरोबर बातम्याही.

"तुझा दीर म्हणतोय, यंदा मेणबत्ती लावणार नाही," ती म्हणाली. "म्हणाला, कोणासाठी लावू? मेंढरांसाठी?"

"मस्करी केली असेल."

"मियातनं? बाई गं, त्याच्याआधी माझी म्हातारी गाय मस्करी करेल!"

मी घरी आले तेव्हा वुकोसाव नकाशावर बोट फिरवत होता. मी पिशवी ठेवली आणि ऐकलेलं जसंच्या तसं सांगितलं. बोट थांबलं. आमच्याकडे एखाद्या घराची चूल विझली असं म्हणतात, तेव्हा घर कोसळलंय असा अर्थ नसतो. त्या घरची मेणबत्ती लावणारं कोणी उरलं नाही, असा असतो. बापाच्या घराची चूल विझणार आणि तीही आपल्यामुळे, हे त्याला माझ्या तोंडून ऐकावं लागलं नाही. त्यानं चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत बसला. मला त्याची दया आली. पण मी पिशवी रिकामी करायला लागले. दया दाखवली की तो लगेच गुडघ्यावर हात ठेवतो.

"स्लावाच्याच दिवशी जायचं," शेवटी तो म्हणाला. "एरवी गेलो तर तो दार उघडणार नाही. त्या दिवशी दारात आलेल्याला कोणालाच परत पाठवता येत नाही."

"शाबास. आणि आपल्या घरी येणाऱ्यांचं काय?"

आता इथे आला पेच. स्लावाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला माहीत आहे तो येतो, आयुष्यभर येत राहतो. त्या दिवशी आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसते.

"लोकांना कळवून टाकू, यंदा येऊ नका म्हणून," वुकोसाव म्हणाला.

"बोलावलंच नाही त्यांना येऊ नका कसं सांगणार? फोन करून? समोरचा म्हणेल, मी कुठे येणार होतो! आणि जन्माचा रुसून बसेल."

"मग सांगू, मी आजारी आहे."

"मग तर संत्री घेऊन येतील. जे कधी येत नाहीत तेसुद्धा येतील."

"दाराला कुलूप लावून जाऊ."

"स्लावाच्या दिवशी कुलूप? पोलीस बोलावतील, अरे! दोघं आत मरून पडले म्हणतील."

त्यानं नकाशाची कड बोटानं सरळ केली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "तू थांब ना घरी. मेणबत्ती तू लाव."

"ती विधवा लावते," मी म्हणाले. "आधी मर, मग लावते."

दोन दिवस आम्ही एकमेकांशी ताटं आपटून बोललो. तिसऱ्या दिवशी मी भांडी घासत असताना मला सुचलं, आणि इतकं सोपं सुचलं की स्वतःचाच राग आला. येणाऱ्यांना थांबवता येत नाही ना? मग थांबवायचंच कशाला? मी ओल्या हातांनी खाली गेले. आमच्या इमारतीच्या दारातल्या बाकावर रादोये बसलेला असतो. बायको गेल्यापासून तो तिथेच असतो, आणि त्याच्या नजरेतून मांजरही सुटत नाही.

"रादोये," मी म्हणाले, "यंदाची स्लावा वरच्या घरी आहे. ब्रेस्तित्साला. तुला म्हणून सांगते, कोणाला सांगू नकोस."

झालं. संध्याकाळपर्यंत अख्ख्या निक्शिचला कळलं.

मग खरा बेत सुरू झाला. आमची मुलगी यागोदा पोद्गोरित्साहून गाडी घेऊन येणार. पाव मी भाजणार, साखर-अक्रोड घालून गहू मी शिजवणार, कोकरू वाटेतल्या भट्टीवरून घ्यायचं. तसबीर वरच्या घरी परत द्यायची, माझ्या लग्नातल्या मेजपोसात गुंडाळून. नकाशाची गरज कोणालाच नव्हती, पण वुकोसावनं रस्त्यावर लाल पेन्सिलीनं रेघ मारली. एवढं सगळं ठरलं. जे ठरायला हवं होतं ते मात्र राहिलं होतं.

"दारात उभा राहून काय म्हणशील?" मी विचारलं.

"काय म्हणतात? शुभ स्लावा."

"आणि पुढे?"

तो पेन्सिलीला टोक करायला लागला. पुढचा शब्द आमच्याकडे पोरालाही माहीत असतो. 'शुभ स्लावा, घरधनी.' तेवढं म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नसतो.

"सहा वर्षांनी धाकटा आहे तो माझ्यापेक्षा," वुकोसाव म्हणाला. "नाक पुसायला मी शिकवलंय त्याला."

"नाक पुसायला शिकवलंस म्हणून घर तुझं?"

"तसं नाही गं दारिंका. पण बापाच्या दारात उभं राहून... धाकट्याला..."

"मग तसबीर न्यायची तरी कशाला? त्याच्या भिंतीवर आणि तुझ्या मालकीची? तो काय तिचा राखणदार?"

"मी म्हणेन गं."

"म्हणून दाखव."

"आत्ता? तुला?"

"मी मियात. हे दार." मी फ्रिजच्या दाराशी उभी राहिले. त्यानं गुडघ्यावर हात ठेवला. त्या रात्री मला भीती वाटली ती रस्त्याची नाही, बर्फाची नाही. त्या एका शब्दाची.

सहा तारखेला सकाळी निघालो. वुकोसाव पुढे बसला, तसबीर मांडीवर. यागोदाला सबंध रस्ताभर शिकवत होता: इथे गिअर बदल, इथे हॉर्न दे, या वळणावर आतून घे.

"बाबा, गाडी मी चालवतेय."

"चालवतेयस कुठे, ओढतेयस. बसमध्ये असतीस तर लोक उतरून चालत गेले असते."

क्र्नोवोवर वारा असा होता की गाडी हलत होती. रस्त्याच्या कडेला बर्फाचे मळके ढीग होते आणि त्यांच्या अगदी पायाशी पिवळी फुलं उगवली होती. पठार उतरलो तसा तो बोलायचा थांबला. यागोदा आरशातून माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवून सांगितलं, राहू दे.

घर तसंच होतं. धुराड्यातून धूर निघत होता. आणि दारात मियात उभा होता. दाढी केलेली, काळा कोट घातलेला, बोडक्या डोक्यानं. स्लावा न करणारा माणूस दाढी करून दारात उभा राहत नाही. माझ्या जिवात जीव आला.

वुकोसाव गाडीतून उतरला. काठी न घेता चार पावलं चालला आणि अंगणात थांबला. हातात मेजपोसात गुंडाळलेली तसबीर. मियात बघत राहिला. स्लावाला घरधनी आधी बोलत नाही; आलेल्यानं म्हणायचं, मग त्यानं 'या' म्हणायचं. तो वाट बघत उभा होता आणि हा शब्द शोधत उभा होता. दोघंही म्हातारे. दोघांचे कान सासऱ्यांसारखे, पुढे आलेले.

तेवढ्यात खालच्या वळणावर गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. एक, मग दुसरा, मग आणखी. आमचे लोक येत होते, रादोयेनं 'न सांगितलेले' सगळे. मला माझा नवरा माहीत आहे. आता हा थांबणार. ते सगळे वर येतील, एका सुरात 'शुभ स्लावा, घरधनी' म्हणतील, त्या गलक्यात हा नुसते ओठ हलवेल आणि सगळ्यांबरोबर आत घुसेल. लोकांना वाटेल म्हटलं. मियातला कळेल, म्हटलं नाही. आणि मग खरंच सगळं संपलं.

वुकोसावनंही हॉर्न ऐकले. वळून खाली बघितलं. मग तसबीर काखेत धरली, दुसऱ्या हातानं टोपी काढली.

"शुभ स्लावा, घरधनी," तो म्हणाला. बसमध्ये मागच्या बाकापर्यंत ओरडायचा तशा आवाजात.

मियातच्या हनुवटीला काहीतरी झालं. "देव तुझं भलं करो," तो म्हणाला. "या." मग पायरी उतरला, आणि दोघांनी रीतीप्रमाणे तीनदा गालाला गाल लावला. तिसऱ्या वेळी ते सुटे होईनात. मी रडले. यागोदाही रडली, आणि म्हणाली वाऱ्यामुळे.

आत चुन्याचा ताजा वास होता. आमच्याकडे ज्योर्जेच्या सणाआधी घरं पांढरी करतात. चारही भिंती लख्ख होत्या. फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात, खिळ्याखाली, एक काळपट चौकोन होता. जिथे तसबीर असायची तेवढीच जागा त्यानं सोडली होती. दर वर्षी त्याच्या कडेकडेनं चुना फिरवला होता, इतक्या जपून की आता तो चौकोन भिंतीत बोटभर आत गेल्यासारखा दिसत होता. खाली तिपाईवर गहू, पाव आणि मेणबत्ती. त्या रिकाम्या चौकोनासमोर.

वुकोसावनं ते बघितलं आणि मेजपोसाची गाठ त्याला सुटेना. मियातनंच सोडवली. तसबीर खिळ्यावर चढली, चौकोनात नेमकी बसली.

"तू तर म्हणाला होतास, यंदा लावणार नाही," मी मियातला विचारलं.

"म्हणालो होतो."

"मग?"

"चुना उरला होता," तो म्हणाला. "वाया कशाला घालवा."

तोवर घर भरलं. खुर्च्या पुरेनात, मग लाकडाचे ओंडके आत आले. रादोयेला डोंगराची हवा लागली आणि तो गायला लागला. स्लावाच्या दिवशी घरधनी बसत नाही, उभ्यानं सगळ्यांना वाढतो. मियात बाटली घेऊन फिरत होता. वुकोसावसाठी त्यानं मेजाच्या टोकाची, सासऱ्यांची खुर्ची ओढली.

"बस. तुझा गुडघा दुखतो."

"गुडघ्याचं तुला कोणी सांगितलं?"

"स्तामेना तिकडे जाते ती काय फक्त चीज विकायला?"

वुकोसाव त्या खुर्चीकडे बघत राहिला. मग त्यानं मला खांद्याला धरून तिच्यावर बसवलं, आणि कोकराची परात उचलली. सूर्य डोंगराआड जाईपर्यंत दोघं भाऊ शेजारी शेजारी उभे राहून वाढत होते. गुडघ्याचं नाव निघालं नाही.

निघताना मात्र त्याला गाडीत पाय घेता येईना. मियात खाली वाकला, दोन्ही हातांनी त्याचा पाय उचलून आत ठेवला आणि दार लावलं. पुढच्या वर्षी या, असं काही तो म्हणाला नाही. स्लावाला कोणी बोलावत नाही.