येईल, येईल म्हणणाऱ्यांच्या घरात

मित्रांनो, मी प्राणवायूची एक जुनी पेटी आहे. खोलीतली हवा आत ओढायची, तिच्यातला प्राणवायू वेगळा करायचा आणि नळीने माणसाच्या नाकापर्यंत पोचवायचा, हे माझं काम. कारखान्यात एका मुलीने माझी नळी गालाजवळ धरून पाहिली. "चांगला दम आहे हिच्यात," असं म्हणून तिने मला खोक्यात बंद केलं.

मी आले ती दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिथे एक भाऊ-बहीण राहत. भाऊ विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, पण सगळ्यांसाठी अजून मास्तरच. त्यांची फुप्फुसं थकली होती. थोरली बहीण म्हणजे अक्का. तिचा सगळा भार देवावर.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "बघ अक्का, हवेतून प्राणवायू गाळून काढते ही! तुझ्या देवाला जमलं का कधी?"

"साठ वर्षं विजेशिवाय दिलाच की त्याने तुला श्वास," अक्का म्हणाली.

मास्तरांचं म्हणणं असं, की यंत्रं सुधारत जातील, माणूस एकेक पायरी चढेल आणि एक दिवस आजारपण, मरण काहीच उरणार नाही.

"कधी?" अक्काने विचारलं.

"येईल तो दिवस. येणारच."

"मग तुझ्यात नि माझ्यात फरक तो काय? आम्हीही देव धावून येईलच म्हणतो."

"फरक आहे! तुझा देव कुणी पाहिला नाही. माझा पुरावा इथे घरघरतोय."

"पुरावा आजचा आहे रे. भरवसा मात्र उद्याचा. उद्या कुणी पाहिलाय?"

मास्तर हसले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. अक्का कितीतरी वेळ त्यांची पाठ चोळत राहिली.

माझ्या पाठीत एक जाळी आहे. धूळ तिथे अडते. आधी मास्तर ती स्वतः धुवायचे. पुढे त्यांना वाकवेना. शिवाय खिशात मावेल अशी नवी पेटी निघणार असल्याचं त्यांनी वाचलं. "हिला कशाला धुवायचं आता? नवी येतेच आहे," ते म्हणू लागले. अक्का म्हणे, "आयुष्याची दोरी वरच्याच्या हातात. जाळी धुऊन का ती लांबते?" एकाचे डोळे उद्याकडे, दुसरीचे आभाळाकडे. माझ्या पाठीकडे कुणी पाहिलंच नाही. माझा पिवळा दिवा लागत होता. त्यावर मास्तरांचा स्वेटर पडलेला असे.

एका दुपारी लाल दिवा लागला आणि मी कर्कश शिट्टी वाजवू लागले. मास्तरांचे ओठ निळे पडले. अक्काने रुग्णवाहिका बोलावली, मग कंपनीला फोन लावला. "आजी, ते मॉडेल बंद झालंय. नवीन घ्या," पलीकडून उत्तर आलं.

मास्तरांनी तिचा हात घट्ट धरला. "अक्का... तुझ्या त्याला... सांग ना काहीतरी!"

आणि अक्का माझ्यापुढे गुडघ्यांवर बसून मला थापट्या मारत होती. "चाल गं बाई! तूच चाल! तुझ्या पाया पडते!"

मित्रांनो, मी जीव तोडून हवा ओढत होते. ती आत येतच नव्हती. रुग्णवाहिकेची माणसं जिना चढून आली तेव्हा मास्तर शांत झाले होते.

काही दिवसांनी अक्काने मला पुसायला घेतलं. पाठीतून जाळी तिच्या हातात आली. तिच्यावर गोधडीसारखा धुळीचा थर होता. अक्काने ती धुतली, खिडकीत वाळवली, परत बसवली आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"एवढंच होतं?" अक्का म्हणाली. "एवढंच होतं का रे?"

ती कुणाला विचारत होती, मला कळलं नाही. नळी गालाला लावून ती फरशीवर बसून राहिली.

देव आहे की नाही, माणूस उद्या मरणाला हरवेल की नाही, हे मला पेटीला कसं ठाऊक असणार? मला एवढंच ठाऊक आहे, की माझ्यात अजून दम आहे आणि नळीच्या टोकाला कुणी नाही. तुमच्या शेजारीपाजारी कुणाला धाप लागत असेल, तर मला घेऊन जा. उशीर करू नका. हवं तर हात जोडा, हवं तर नव्या पेटीची वाट बघा, पण त्याआधी माझी जाळी धुवा.