करादजोव डॉक्टरांचा मोकळा रकाना

मंडईतली लिंबं संपली.

तीन नंबरची बस सकाळपासून आलेली नाही. ड्रायव्हर झोपून आहे म्हणतात.

तिसरी-ब मध्ये अकरा बाकं रिकामी.

सात नंबरच्या खाटेवरचा म्हातारा सूपाची वाटी परत ढकलतो.

एकशे ब्याण्णव.

यातला शेवटचा आकडा रोसित्साच्या पडद्यावर होता. डॅन्यूबकाठच्या त्या जिल्ह्यात ताप-खोकल्याची मोजदाद तिच्याकडे असे. दर मंगळवारी सहा डॉक्टर आठवड्याचे आजारी कळवत. सहांकडे नोंदलेली माणसं मिळून बारा हजार. दर दहा हजारांत दोनशे दहा आजारी झाले की साथ जाहीर. मग शाळांना सुट्टी, आणि दुसऱ्या सकाळपासून दवाखान्यातल्या भेटी बंद.

सात नंबरवरचा म्हातारा तिचा बाप. हृदय थकलेलं. वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हा आठवडा, फार तर पुढचा. भेटीचा वार गुरुवार.

"एकशे ब्याण्णव," स्तामातोव साहेब मागून वाकून म्हणाले. "रेषेखाली. आता माझा नातू मला शिव्या घालणार, सुट्टी गेली म्हणून."

"करादजोव डॉक्टरांचा रकाना मोकळा आहे, साहेब."

"मग शून्य."

"शून्य कसं? त्यांनी काही कळवलंच नाही."

"बाई, कॉम्प्युटर शून्य धरतो. मी त्याच्याशी भांडू?" म्हणत ते खाली चीजची खुसखुशीत बानित्सा खायला गेले.

रोसित्सा उठली. खिडकी उघडली. लावली. कुंडीला पाणी घातलं, कुंडी आधीच ओली होती. मग करादजोवांच्या गावी फोन लावला. त्यांची नर्स दोच्का बोलली.

"डॉक्टर आडवे झालेत, ताई. एकोणचाळीस ताप. मी दार उघडून बसलेय, पण दोन स्वेटरांतही हुडहुडी थांबत नाही."

"पेशंट किती आले?"

"कशाला येतील? डॉक्टरच पडले म्हटल्यावर सगळे घरोघरी छातीला राकियाची दारू चोळून पडलेत. लिहायचंच तर दोघं लिहा, मी आणि ते. वेगवेगळ्या घरांत हं. नाहीतर गावात भलतंच पसरायचं."

फोन ठेवून तिने कागद ओढला.

आजारी दोनशे एकतीस. भागिले बारा हजार. म्हणजे दर दहा हजारांत एकशे ब्याण्णव.

पण बारा हजारांत करादजोवांची दोन हजार माणसं होती, आणि ती कुणी मोजलीच नव्हती. ती वगळायची.

दोनशे एकतीस. भागिले दहा हजार.

रेषा ओलांडलेली.

गुरुवारपर्यंत गप्प बसायचं. दोनच दिवस. कुणी विचारणार नाही. चूक कॉम्प्युटरची, तिची नाही. तिने कागद दुमडला. पुन्हा उघडला. गुरुवारी वॉर्डात तीस-चाळीस माणसं येणार, निम्मी नाक पुसत. सहा नंबरची खाट, सात नंबरची, आठ नंबरची. आणि ती स्वतः कुठल्या तोंडाने जाणार, तेही कळेना.

तिने बापाला फोन केला.

"गुरुवारी कोबीचं लोणचं आण, रोसे," म्हातारा म्हणाला. "इथलं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

"बाबा, गुरुवारी दार बंद असेल."

"कोण बंद करतंय?"

"मी."

पलीकडे नुसती घरघर. ती ऐकत राहिली, त्या घरघरीतले श्वास मोजायला लागली, मग मोजणं सोडून दिलं.

"मग धड बंद कर," तो म्हणाला. "आठ नंबरवाला कालपासून खोकतोय. त्याची बायको येते आणि माझ्याच खाटेवर बसते. वजनदार बाई."

"बाबा."

"लोणचं शिपाईबाईकडे दे. झाकण घट्ट लाव."

तिने दोन हजार वगळले. पडद्यावर दोनशे एकतीस उमटले. स्तामातोव ओठांवरचे कण पुसत परतले, आकडा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं.

"रोसित्सा, तुझे वडील..."

"सही करा, साहेब."

त्यांनी पेन शोधायला बराच वेळ घेतला. मग सही केली.

संध्याकाळच्या बातम्यांत जाहीर झालं. तिच्या इमारतीतली पोरं जिन्यातून आरडाओरडा करत खाली पळाली. लोणच्याची बरणी हातात धरून ती दारातच थांबली, पोरं गेल्यावर निघाली.

गेल्या गुरुवारी भेटीची वीस मिनिटं उरलेली असताना रोसित्सा वडिलांजवळून उठली होती. घरी कपडे वाळत घालायचे होते.