ताईंच्या टाचेखालचं खोकं

मी एक जुनं लाकडी खोकं आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. ताईंच्या ज्या नव्या अल्बमचं सध्या सगळीकडे कौतुक चाललं आहे, त्यात ड्रम वाजलेलाच नाही. तो ठेका माझा आहे.

एका सुताराने मला साबणाच्या वड्या भरण्यासाठी बनवलं. पुढे चौकात गिटारवर स्वतःची गाणी गाणाऱ्या एका मुलीने मला दुकानामागून उचललं, पालथं घातलं आणि टाचेने ठेका धरला. माझी एक फळी सैल होती. ती प्रत्येक ठोक्याला खडखडायची आणि जाणारे येणारे थबकायचे. त्या मुलीचं नाव झालं, सगळे तिला ताई म्हणू लागले. मग ड्रमवाले आले आणि माझी रवानगी ताईंच्या धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात झाली. माझ्यात कांदे राहू लागले. कालांतराने लोक ताईंनाही विसरले.

केस पिकल्यावर ताई पुन्हा स्टुडिओत उभ्या राहिल्या. त्यांच्या कानाला ठेका मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक लावली होती. जड शब्दापाशी ताई रेंगाळत. टिकटिक पुढे निघून जाई.

"ताई, ठेका सुटतोय. तुम्ही नुसतं गा, मशीनवर सरळ करून घेऊ," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "संध्याकाळपर्यंत झालं नाही, तर कंपनी काम बंद करणार आहे."

"मला सरळ करणं माझ्या आईला जमलं नाही, तू कुठला करतोस!"

ताईंनी भावाला फोन केला. तो मला घेऊन धावत आला. ताईंनी टाच मारली. नुसता बद्द आवाज!

"अरे, काय केलंस याचं?"

"एवढ्या मोठ्या ठिकाणी आणायचं, म्हणून फळी खिळे मारून पक्की केली."

"शहाण्या, त्याचा गळाच आवळलास की!"

भाऊ ओशाळला. त्यानेच पक्कड घेऊन खिळे उपटले. माझी एक कपची उडाली, पण फळी सुटली. ताईंनी कानावरची टिकटिक काढून ठेवली. जड शब्दापाशी त्या थांबल्या, तिथे माझा ठोकाही थांबला. रेकॉर्डिस्टने मशीनवरचा हात मागे घेतला.

"राहू दे असंच," तो हळूच म्हणाला.

अल्बम गाजल्यावर कंपनीला मला रंगवून काचेच्या कपाटात ठेवायचं होतं. ताईंनी मला काखोटीला मारलं आणि घर गाठलं. कार्यक्रम नसतो तेव्हा माझ्यात कांदेच असतात. त्यात लाज कसली?

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी जरूर घ्या. पण हातोडी उचलण्याआधी एकदा ऐकून बघा. खडखडणारं सगळंच मोडलेलं नसतं. तरीही कुणी माझ्या फळीवर खिळा रोखलाच, तर आत्ताच बजावून ठेवते माझी ही फळी: खिळा वाकेल, मी नाही.